कच्ची पपई आणि वितळणारी अळी: रेशीमकिड्याच्या विषाणूतलं एक जनुक ओळखायचं कसं?

मटण जून निघालं तर त्याला कच्च्या पपईचा गर चोळायचा, हे इंदूरच्या मराठी घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. किलोभर मटणाला दोन चमचे गर आणि तास-दीड तास वेळ, एवढं पुरतं. रात्रभर विसरलात तर सकाळी फोडी सापडत नाहीत, नुसता लगदा हाती येतो. पपईच्या चिकातलं पपेन नावाचं एन्झाइम मांसातल्या प्रथिनांच्या साखळ्या कापत सुटतं. प्रथिनं कापणाऱ्या अशा एन्झाइमला प्रोटिएज म्हणतात. रेशीमकिड्याला मारणाऱ्या एका विषाणूकडे या पपेनच्याच कुळातला प्रोटिएज आहे. तोही मांसाचा लगदा करतो, फक्त मांस अळीचं असतं आणि अळी तोवर मेलेली असते.

हा विषाणू म्हणजे बॉम्बिक्स मोरी न्यूक्लिओपॉलीहेड्रोव्हायरस. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे त्याला एनपीव्ही म्हणू. रेशीम शेतकरी या रोगाला ग्रासेरी म्हणतात. महेश्वरी साडीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. ते रेशीम ज्या अळीने कातलं ती ग्रासेरीतून वाचलेली अळी असते, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. महेश्वर इंदूरपासून ९० किलोमीटरवर, तरी साडी आणि अळी यांचा संबंध पुस्तकातच राहतो.

ग्रासेरी झालेली अळी ओळखणं सोपं आहे. तिच्या अंगावरच्या दोन वळ्यांमधला भाग फुगतो आणि अंग चकचकीत, ताणल्यासारखं दिसतं. ती पाला सोडून ट्रेच्या कडेकडेने फिरत राहते. पाय जरा टोचला तर निरोगी अळीचं स्वच्छ, पिवळसर रक्त न येता दुधासारखा पांढरा द्रव येतो. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहिला, तर काही मायक्रॉन आकाराचे चमकदार, बहुकोनी खडे खच्चून भरलेले दिसतात. हे पॉलीहेड्रा. पॉलीहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात विषाणूचे कण गच्च बसवलेले असतात. पाऊस किंवा धूळ यांनी खड्याला काही होत नाही, मातीत तो वर्षानुवर्षं टिकतो. तो फुटतो फक्त अल्कलीत, आणि रेशीमकिड्याच्या आतड्याचा पीएच १० च्या वर असतो. दुसऱ्या अळीने खडा पाल्याबरोबर खाल्ला की कुलूप उघडलंच.

विषाणूची अडचण यात एकच आहे. हे खडे मेलेल्या अळीच्या आत अडकलेले असतात. बाहेर काइटिन नावाच्या चिवट पदार्थाची कातडी आणि आत स्नायू, चरबी, जाळी. अळी जशीच्या तशी वाळून गेली तर पुढच्या पिढीचा विषाणू ममीत पुरल्यासारखा पडून राहील. म्हणून विषाणूने दोन हत्यारं बाळगली आहेत. कातडीतलं काइटिन कापायला काइटिनेज आणि आतली प्रथिनं कापायला हा प्रोटिएज. दोन्ही चालले की मेल्यावर दिवसभरात अळीचं पाणी होतं आणि ते पाल्यावर ओघळतं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण ते सिद्ध कसं झालं? १९९४ मध्ये सुसुमु माएदा यांच्या गटाने या विषाणूतल्या सिस्टीन प्रोटिएजचं, म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर कापणाऱ्या प्रोटिएजचं, वर्णन प्रसिद्ध केलं. याच माएदांनी १९८५ मध्ये एनपीव्हीच्या मदतीने रेशीमकिड्याकडून माणसाचं इंटरफेरॉन हे विषाणूंशी लढणारं प्रथिन बनवून घेतलं होतं. एखाद्या जनुकाचं ‘कॅरॅक्टरायझेशन’ केलं असं शोधनिबंधात एका ओळीत लिहितात. त्या ओळीत चार वेगळे प्रश्न दडलेले असतात: जनुक दिसतं कसं, चालू कधी होतं, त्याचं प्रथिन खरोखर कापतं का, आणि ते काढून टाकलं तर काय अडतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता संगणक दहा मिनिटांत देतो, म्हणून बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात. खरं काम शेवटच्या दोन प्रश्नांत आहे.

अक्षरं काय सांगतात

एनपीव्हीच्या टी-३ जातीचा संपूर्ण डीएनए १,२८,४१३ अक्षरांचा आहे. त्यात या प्रोटिएजच्या जनुकाची, म्हणजे व्ही-कॅथची, जागा फक्त ९७२ अक्षरं. तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल या हिशेबाने ३२३ अमिनो आम्लं आणि शेवटी थांबण्याची खूण. प्रथिनाचं वजन सुमारे ३६ किलोडाल्टन.

ती साखळी पपेनशेजारी मांडून पाहिली की कूळ लगेच कळतं. पपेनमध्ये कापण्याचं काम २५ क्रमांकाचं सिस्टीन करतं. त्याला १५९ चं हिस्टिडीन आणि १७५ चं अॅस्पॅरॅजिन साथ देतात. व्ही-कॅथमध्ये ही तिन्ही आपापल्या जागी आहेत, शिवाय सिस्टीन-ग्लायसिन-सेरीन-सिस्टीन-ट्रिप्टोफॅन हा ओळखीचा तुकडाही आहे. यातलं दुसरं सिस्टीन हे कापणारं. सुरुवातीला पेशीतल्या बांधणीच्या खोलीकडे नेणारा संकेत, मग एक लांब झाकण, आणि मग खरं एन्झाइम. झाकण असेपर्यंत एन्झाइम निष्क्रिय राहतं. सुरी म्यानात घालूनच बनवली जाते, नाहीतर बनवणाऱ्या पेशीलाच कापेल.

इथे एक चूक नेहमी होते. वरचा तुकडा सगळ्या कुळात सारखा असल्यामुळे त्यावर प्रायमर (हवा तो डीएनए पकडणारे छोटे तुकडे) बेतले, तर पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, विषाणूचं जनुक न येता रेशीमकिड्याच्या स्वतःच्या कॅथेप्सिनचं, म्हणजे याच कुळातल्या प्रोटिएजचं, जनुक वाढून येतं. जेलवर त्याचा पट्टा, म्हणजे बँड, सुंदर दिसतो, आकारही जवळपास तोच, आणि सिक्वेन्सिंगचा निकाल येईपर्यंत महिना जातो. म्हणून प्रायमर जनुकाच्या दोन टोकांवर घ्यावेत, २० ते २४ अक्षरांचे, आणि निरोगी अळीचा डीएनए कंट्रोल म्हणून, तुलनेसाठी, प्रत्येक वेळी लावावा. जेलच्या त्या विहिरीत बँड दिसला तर पुढे जायचं नाही.

डीएनए काढण्याबद्दल थोडंसं. रोगट अळ्या ०.१ टक्का एसडीएस (एक डिटर्जंट) घातलेल्या पाण्यात कुटायच्या, मलमलीतून गाळायच्या, मग ४० ते ६० टक्के साखरेच्या थरांवर सेंट्रिफ्यूज करायचं. पॉलीहेड्रा पांढऱ्या पट्ट्यासारखे मध्ये थांबतात. ते ०.१ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये, ३७ अंशांना अर्धा तास. दुधाळ द्रव एकदम स्वच्छ झाला की खडे फुटले. अळीचं रक्त उघड्यावर ठेवलं तर काळं पडतं, आणि ते मेलॅनिन पुढे पीसीआर बंद पाडतं. रक्त गोळा करतानाच नळीत फिनाइलथायोयुरियाचे दोन-चार कण टाकून ठेवावेत.

अळीतून काढलेल्या पॉलीहेड्रांना अळीच्या आतड्यातला अल्कलीत चालणारा प्रोटिएज चिकटून येतो. खडे विरघळवताना तोच जागा होतो आणि पॉलीहेड्रिनचे तुकडे करतो. जेलवर २९ किलोडाल्टनच्या एका बँडऐवजी खाली पायऱ्या दिसू लागतात. हा विषाणूचाच प्रोटिएज, असं समजून कागद रंगवणारे भेटतात. व्ही-कॅथ आम्लात चालतो, हा पाहुणा अल्कलीत. शंका असेल तर खडे आधी ७० अंशांवर अर्धा तास तापवावेत, पाहुणा मरतो. पेशींच्या कल्चरमधून घेतलेल्या खड्यांत तो मुळात नसतोच.

चालू कधी होतं

जनुकाच्या अगदी आधी टी-ए-ए-जी अशी चार अक्षरं आहेत. एनपीव्हीत ही उशिरा चालू होणाऱ्या जनुकांची खूण. विषाणूने स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढायला सुरुवात केल्यावरच ती वाचली जाते. हे तपासायला बीएमएन पेशींना, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रेशीमकिड्याच्या पेशींना, एका पेशीमागे ५ ते १० कण या प्रमाणात विषाणू द्यायचा. पेशीमागे एकच कण दिला तर वाटप नशिबावर जातं, ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात आणि वेळेचा हिशेब पुसट होतो. मग ०, ३, ६, १२, १८, २४, ४८ आणि ७२ तासांनी पेशी उचलून आरएनए काढायचा. एका संचात अफिडिकोलिन घालून डीएनएची नक्कल अडवायची. त्या संचात व्ही-कॅथचा आरएनए दिसला नाही, तर जनुक उशिराचं हे पक्कं.

अडचण ही की एनपीव्हीच्या या जनुकात इंट्रॉन, म्हणजे आरएनएतून कापून टाकला जाणारा मधला तुकडा, नाही. त्यामुळे आरएनएपासून बनवलेला तुकडा आणि नमुन्यात उरलेला विषाणूचा डीएनए, दोघांचा बँड एकाच उंचीवर येतो. डीएनए कापणाऱ्या डीएनएजने धुवून घ्या, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी प्रत्येक वेळेच्या नमुन्याला लावा. या नळीशिवाय काढलेला आलेख आम्ही तरी वाचत नाही.

इंदूरपुरती एक सूचना. कीटकांच्या पेशींना २७ अंश लागतात, कार्बन डायऑक्साइड लागत नाही. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि खोली ३४ वर असताना २७ वर लावलेला साधा इन्क्युबेटर ३४ च दाखवणार. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर लागतोच, आणि वीज गेल्यावर तो किती वेळात तापतो हे एकदा थर्मामीटर ठेवून मोजून ठेवावं.

खरोखर कापतं का

प्रोटिएज मोजायची सोपी रीत म्हणजे रंग लावलेलं केसीन द्यायचं. ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने न कापलेलं प्रथिन खाली बसवायचं आणि वरच्या पाण्यात सुटलेला रंग मोजायचा. जितकं कापलं तितका रंग. पण व्ही-कॅथला आम्ल हवं, पीएच ४ ते ५ च्या आसपास. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन, आणि पीएच ४.६ ला त्याचं काय होतं हे लिंबू पिळून छन्ना काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फाटतं. नळीत पांढरे गठ्ठे होतात, एन्झाइमला धड कापता येत नाही आणि आलेखात नेमक्या त्याच पीएचला खड्डा पडतो. विद्यार्थी लिहितो, ‘एन्झाइम आम्लात निष्क्रिय आहे.’ निष्क्रिय एन्झाइम नसतं, दूध फाटलेलं असतं. आम्लाच्या पट्ट्यात हिमोग्लोबिन वापरा, किंवा कापल्यावर चमकणारा जेड-फिनाइलअॅलनिन-आर्जिनिन-एएमसी हा छोटा पदार्थ वापरा.

तो पदार्थ अळीचं स्वतःचं कॅथेप्सिनही कापतं. म्हणून विषाणू न दिलेल्या पेशींचा आकडा वजा करायचा. पेशी ज्या माध्यमात वाढल्या त्यात १० टक्के वासराचं सीरम असतं, आणि सीरममध्ये सिस्टीन प्रोटिएज रोखणारी प्रथिनं असतात. पेशी सीरमविरहित माध्यमाने दोनदा धुवून मगच फोडाव्यात, नाहीतर चांगलं एन्झाइमही गप्प बसलेलं दिसतं.

पुढे कूळ रसायनाने पक्कं करायचं. ई-64 हे द्रव्य कापणाऱ्या सिस्टीनला कायमचं चिकटतं, १० मायक्रोमोलर पुरतं. त्याने काम थांबलं, दुसऱ्या कुळांचे प्रोटिएज रोखणाऱ्या ईडीटीए आणि पेपस्टॅटिनने थांबलं नाही, तर सिस्टीन प्रोटिएज. पीएमएसएफ मात्र फसवतं. ते सेरीन प्रोटिएजचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण पपेनच्या कुळालाही ते अडवतं, आणि डीटीटी घातलं की ती अडवणूक सुटते. सिस्टीनचं गंधक हवेने गंजतं, म्हणून २ ते ५ मिलिमोलर डीटीटी किंवा एल-सिस्टीन तसंही घालावंच लागतं. ते घालायला विसरलात आणि पीएमएसएफ लावलं, तर एन्झाइमचं कूळच चुकीचं ठरतं.

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीने एकच प्रथिन शोधणाऱ्या चाचणीत, जिवंत पेशींमध्ये म्यानासकटचं, मोठं रूप दिसतं. पेशी मेल्या की ते उतरून सुमारे २७ किलोडाल्टनचं होतं. ‘मेल्यानंतर चालू’ याचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे, पण नमुना बर्फावर रेंगाळला तर नळीतही तेच घडतं. पेशी उचलल्या क्षणी ई-64 असलेल्या एसडीएस बफरमध्ये टाकून थेट उकळायच्या.

काढून टाकायचं, आणि परत बसवायचं

खरा मुद्दा इथे आहे. एन्झाइम नळीत केसीन कापतं म्हणून अळी तेच वितळवतं, असं होत नाही. चाकू घरात सापडला म्हणून खून त्यानेच झाला असं कोर्ट मानत नाही. जनुक काढून टाकलेला विषाणू बनवावा लागतो.

आता हे काम एनपीव्हीचा सगळा डीएनए ई. कोलाय जीवाणूत प्लाझ्मिडसारखा, म्हणजे वेगळ्या गोल डीएनएच्या रूपात, ठेवून करतात. त्याला बॅकमिड म्हणतात. दोन्ही बाजूंना ५० अक्षरांचं साम्य असलेला अँटिबायोटिक-प्रतिकाराचा तुकडा आत सोडला की जीवाणूतली लॅम्डा रेड यंत्रणा अदलाबदल करते. मग १-२ मायक्रोग्रॅम डीएनए बीएमएन पेशींना द्यायचा, ४-५ दिवसांनी वरच्या द्रवात विषाणू तयार. व्ही-कॅथ गेलं तरी विषाणू पेशींत नेहमीसारखा वाढतो, त्यामुळे हे जनुक जगण्यापुरतं गरजेचं नाही हे इथेच कळतं.

सगळी गोम कुठून कापायचं यात आहे. व्ही-कॅथ आणि काइटिनेज ही जनुकं शेजारी शेजारी, पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. एक डावीकडे वाचलं जातं, दुसरं उजवीकडे, आणि दोघांची चालू करण्याची बटणं मधल्या चिंचोळ्या पट्टीत. व्ही-कॅथचं डोकं उडवताना थोडं जास्त कापलं की काइटिनेजही बंद पडतं. अळी वितळत नाही, आणि दोष चुकीच्या जनुकावर जातो. याच्या जवळच्या नात्यातल्या, ऑटोग्राफा कॅलिफोर्निकाच्या विषाणूत तर आणखी गुंता सापडला आहे: काइटिनेज नसेल तर व्ही-कॅथचं म्यानच नीट उतरत नाही. शेजारी नुसता शेजारी नाही, मदतनीस आहे.

म्हणून सुरुवातीची अक्षरं हात न लावता ठेवावीत आणि मधला, कापणाऱ्या सिस्टीनभोवतीचा भाग काढावा. त्याहून चांगलं म्हणजे ते एकच सिस्टीन बदलून अॅलनिन करावं. बाकी साखळी जशीच्या तशी, फक्त सुरीची धार गेलेली. आणि तिसरा विषाणू हवाच, ज्यात काढलेलं जनुक दुसऱ्या जागी, स्वतःच्या बटणासकट परत बसवलं आहे. त्याने अळी पुन्हा वितळवली तरच आधीची गोष्ट खरी. पैसे आणि वेळ वाचवायला लोक हा तिसरा विषाणू वगळतात. आमच्या मते मग पहिले दोनही बनवू नयेत.

अळ्यांवरचा प्रयोग इंदुरात पावसाळा सरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत करावा. शहतूत, म्हणजे आपली तुती, तेव्हाही मिळते आणि खोली २५ अंशांवर ठेवणं परवडतं. उन्हाळ्यात अळ्या उष्णतेनेच मरतात आणि कशाने मेल्या ते कळत नाही. चौथी कात टाकून आलेल्या, पाचव्या अवस्थेच्या पहिल्या दिवसाच्या अळ्या घ्यायच्या, प्रत्येक गटात ३०, तीन वेळा. दहा मिनिटं बर्फावर ठेवून सुस्त करायच्या आणि पोटाकडच्या पायाच्या बुडातून ३० गेजच्या सुईने, तिरकी घालून, १० मायक्रोलिटरमध्ये १ लाख विषाणूकण द्यायचे. सुई सरळ आत गेली तर आतडं फुटतं आणि अळी दुसऱ्याच दिवशी जीवाणूंनी सडून काळी पडते. ती मोजायची नाही. चार ट्रे: मूळ विषाणू, जनुक काढलेला, परत बसवलेला आणि नुसतं माध्यम. शिवाय त्याच अंडीपुंजातल्या ५० अळ्या न टोचता वेगळ्या खोलीत. विकतच्या अंड्यांबरोबर रोग आधीच आलेला असू शकतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी पहिल्या तिन्ही ट्रेंत अळ्या जवळजवळ एकाच सुमारास मरतात. मरण्याची वेळ बदलत नाही, बदलतं ते त्यानंतरचं. मूळ विषाणूच्या ट्रेमध्ये दुसऱ्या दिवशी कागदावर तपकिरी ओघळ आणि रिकाम्या कातड्या. जनुक काढलेल्या ट्रेमध्ये अळी चिमट्याने उचलली तर अख्खी वर येते, मऊ पण न फाटलेली, पाय अजून जागेवर. तिसऱ्या ट्रेत पुन्हा ओघळ. या दृश्याचा दर सहा तासांनी फोटो घ्या. मोजमाप म्हणून प्रत्येक अळी ठरावीक मापाच्या पाण्यात हलवून बाहेर आलेले पॉलीहेड्रा हिमोसायटोमीटरवर, म्हणजे चौकटी आखलेल्या काचपट्टीवर, मोजा. ‘वितळली’ हा शब्द दोन माणसं दोन तऱ्हेने वापरतात, आकडा नाही.

घरी आत्या विचारतेच, किड्याच्या विषाणूवर एवढी वर्षं घालवून मिळतं काय? एक सरळ उत्तर आहे. एनपीव्हीत हवं ते जनुक घालून अळीकडून प्रथिन बनवून घेतात तेव्हा हाच प्रोटिएज तयार माल कापून टाकतो. व्ही-कॅथ काढलेल्या बॅकमिडमध्ये माल जास्त शाबूत राहतो, आणि आज तेच वापरात आहेत.

न वितळलेली अळी स्वच्छ दिसते म्हणून कचऱ्यात टाकू नका. तिच्या आत वितळलेल्या अळीइतकेच खडे असतात, फक्त बंद. ट्रे, चिमटे, फरशी यांना २ टक्के ब्लीचिंग पावडर आणि ०.३ टक्के विरवलेला चुना घातलेलं पाणी, निदान अर्धा तास. अळ्या ऑटोक्लेव्ह करून मगच बाहेर, आणि आवारात शहतूतचं झाड असेल तर त्याच्या बुडाशी तर अजिबात पुरू नयेत.